राणीच्या हातच्या बांगड्या

आमच्या घरी सध्या रोज संध्याकाळी एक राजघराणं येतं. टीव्हीवरची मालिका आहे. गाजलेली आहे, बक्षिसंही मिळवून बसली आहे, आणि मला ती आवडते. राजवाडा खराखुरा वाटतो, दागिने खरे वाटतात, राजा घोड्यावर बसतो तो घोडाही खरा असतो. शेवटच्या पाट्या सरकून जाईपर्यंत मी जागचा हलत नाही. पण राजघराण्याच्या नाटकाची गोडी मला टीव्हीनं लावली असं कोणी समजू नये. ती लागली आरमोरीकडच्या आमच्या गावी, धानाच्या तणसावर बसून. त्या नाटकातली राणी म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ होता.

मी त्या वर्षी नागपूरहून बी.ए. होऊन आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथ्या वर्गाच्या पुढे गेलं नव्हतं. मी पहिला. हे मी आजही सांगतो, विचारलं नाही तरी सांगतो. आमचा चांदा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. नोकरीसाठी नागपूरकडे पाहायचं की मुंबईकडे हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. मग मी नागभीडला छोट्या रेल्वेगाडीतून उतरलो, घरी आलो आणि विळा हातात घेऊन धानाच्या बांधीत उतरलो. धान काही माझ्या नोकरीसाठी थांबणार नव्हतं.

धान कापून झालं, पेंढ्यांचे पुंजणे रचून झाले, की आमच्या झाडीच्या मुलखात नाटकांचे दिवस येतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक. लेकी-जावई, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे सगळे त्या एका दिवसासाठी येतात. त्या वर्षीचं आमच्या गावचं नाटक ऐतिहासिक होतं. एक राजा, त्याची राणी, राजाची म्हातारी आई आणि राजाचा धाकटा भाऊ. राजा लढाईवर जातो. इकडे धाकटा भाऊ आईचे कान भरतो, राणीवर नाही नाही ते आळ घेतो आणि गादीवर डोळा ठेवतो. शेवटी राजा जखमी होऊन परत येतो तो राणीच्या मांडीवर मरायलाच. पलीकडच्या तालुक्यातल्या एका मास्तरांनी ते लिहिलेलं होतं. मी इतिहास घेऊन बी.ए. झालो. असा राजा कोणत्या शतकात होऊन गेला हे मला तेव्हा सापडलं नाही आणि अजूनही सापडलेलं नाही. पण नाटकाचं नाव मोठं होतं. ते लागलं की लोक लांबलांबून बैलगाड्या जुंपून येत.

नाटक मंडळाचे अध्यक्ष गावातले एक वजनदार गृहस्थ होते. त्यांना सगळे भाऊच म्हणत. भाऊंनी मला प्रॉम्प्टर केलं. "तू बी.ए. आहेस, तुले भराभर वाचता येते," एवढंच कारण. मी पुस्तक हातात घेतलं आणि पहिल्याच तालमीत चूक काढली. दुसऱ्या अंकात राजा चहा मागवत होता.

"भाऊ, त्या काळी चहा नव्हता," मी म्हणालो.

"कोन सांगते?"

"इतिहास सांगतो."

"अबे, राजाले चहा मिळत नसन त मंग तो राजा काह्याचा?"

चहा राहिला. राजानं तो प्रयोगात चांगला दोन घोटांत संपवला आणि लोकांना तो प्रसंग फार आवडला.

राजाचं काम करणारा माणूस आमच्या तलावावर मासे धरणाऱ्या घरांतला होता. या काठावरून त्या काठावरच्या माणसाला हाक मारायची त्याला सवय. त्याचा राजा कुजबुजला तरी शेवटच्या गाडीखाली झोपलेलं पोर उठून बसे. आणि राणी माझा दादा. बायांची कामं तेव्हा आमच्याकडे पुरुषच करत. दादा अंगानं उभट, चेहऱ्यानं गुळगुळीत, आवाजानं मऊ. लुगडं नेसून तो पडद्यातून बाहेर आला की पुढे बसलेल्या बाया आपापला पदर सावरायला लागत, इतकं त्याचं चालणं घरंदाज होतं. हात मात्र बांधीतलेच राहिले होते. रुंद, जाड, नखांत चिखल.

तोवर तालमीत राणीच्या हातात पितळेची कडी असायची. राजा मेला की राणी ती काढून बाजूला ठेवायची. दादाला ते खपत नव्हतं.

"कडी काढली त बाई आंघोळीले चालली असं वाटते," तो म्हणाला. "काचेची बांगडी पायजे. ती फुटली पायजे, अन् तिचा आवाज मागच्या मानसाले गेला पायजे."

पटाच्या दिवसांत एक म्हातारा कासार दर वर्षी गावात यायचा आणि घरोघरी बसून बायांच्या हातांत बांगड्या भरायचा. तो आमच्या अंगणात आला. आधी वहिनीचे हात झाले. वहिनी लग्न होऊन आली त्याला फार दिवस झाले नव्हते, आणि नाटकाचं वेड तिला दादाहून जास्त. तालमी ऐकून ऐकून राणीचं सगळं काम तिला पाठ झालं होतं. चुलीपुढे बसून ती दादाकडून ते म्हणवून घ्यायची आणि तो अडला की उलथनं उगारायची. तिचे हात झाल्यावर दादा तिच्या जागेवर उकिडवा बसला आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"म्हाताऱ्याची थट्टा करून राह्यले का जी?" कासार म्हणाला.

"थट्टा नाई काका. मी राणी आहो."

कासारानं दादाचा पंजा उलटापालटा करून पाहिला. "असी राणी माह्या बापानं नाई पाह्यली. राणी आहे का राजाचा हत्ती?"

शेजारपाजारच्या बाया जमल्या. पेटीतल्या सगळ्यांत मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या निघाल्या. साबणाचं पाणी आलं. कासार दादाचं हाड दाबू लागला तसा दादा कण्हू लागला.

"दाबा ना जी काका," वहिनी म्हणाली. "विळा लागला तरी ओय म्हणत नाई, आता काऊन म्हणून राह्यले?"

दोन्ही मनगटं भरली. आता आमच्याकडे अशी रीत आहे, की बांगड्या भरून झाल्या की कासार एक बांगडी वर घालतो. ती आशीर्वादाची. तिचा हिशेब नसतो. हाताच्या सवयीनं त्यानं तीही उचलली. पण दादाचे हात तोवर लालबुंद झाले होते, आणखी एक बांगडी काही चढेना. परत पेटीत टाकायची तर तेही होत नाही. एकदा आशीर्वाद म्हणून काढलेली बांगडी पेटीत जात नाही. कासारानं इकडेतिकडे पाहिलं आणि हसत उभ्या असलेल्या वहिनीचा हात धरून त्याच जोडातली ती बांगडी तिच्या हातात सरकवली.

"घे माय. तुह्या मालकाच्याच हातची आहे."

सगळ्या बाया हसल्या. वहिनीही हसली. मीही तिथेच उभा होतो आणि हसलो. त्यात काही वावगं झालं असं कोणाच्या मनातही आलं नाही.

प्रयोगाचं काय सांगू! गाड्या सोडून बैल बांधलेले, तणसावर माणूस माणसाला चिकटून बसलेला, गॅसबत्त्या सूं सूं करताहेत. धाकट्या भावानं राणीवर आळ घेतला तेव्हा बायांच्या बाजूनं शिव्या आल्या. त्या शिव्या ऐकून तो नट इतका खूश झाला की त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. राजमाता मुलाच्या बोलण्याला भुलली तेव्हा एक म्हातारी उठून म्हणाली, "ऐकू नोको वं बाई त्याचं, तो लबाड आहे!" मी पडद्याआडून पुस्तकात पाहून वाक्य पुरवत होतो, पण कोणी अडलंच नाही तर मी तरी काय करणार. मी नाटक पाहत राहिलो. राजा मरायला आला तेव्हा पूर्वेला तांबडं फुटलं होतं. दादाच्या मांडीवर डोकं ठेवून राजानं आईला हाक मारली, भावाला क्षमा केली आणि मान टाकली. दादा उठला. सावकाश चालत रंगमंचाच्या बांबूपाशी गेला आणि त्यानं दोन्ही हात त्या बांबूवर आपटले.

आवाज खरोखरच मागच्या माणसाला गेला. काचा लोकांच्या पुढ्यात उडाल्या. सगळ्या बाया एकदम हुंदका देऊन रडल्या. पुरुषांनी धोतराचे सोगे डोळ्यांना लावले. मला स्वतःला पुस्तकातली अक्षरं दिसेनात. मी नागपूरला सिनेमे पाहिले होते, पण इतकी माणसं एका वेळी अशी रडताना पाहिली नव्हती.

पडद्याच्या फटीतून मला बायांची बाजू दिसत होती. वहिनी रडत नव्हती. ती आपल्या हातातल्या त्या वरच्या बांगडीकडे पाहत होती. मग ती उठली, बसलेल्या बायांमधून वाट काढत बाहेर पडली आणि एकटी घरी निघून गेली.

आमच्याकडे बाई बांगडी फुटली असं म्हणत नाही, वाढली म्हणते. आणि हातातल्या सगळ्या बांगड्या एकदम वाढवायची वेळ तिच्यावर केव्हा येते हे मी सांगायला नको. वहिनीनं पाहिलं ते असं, की एका जोडातल्या बांगड्या. बाकीच्या तिच्या नवऱ्यानं नवरा मेला म्हणून फोडल्या. उरलेली एक तिच्या हातात.

दादा घरी आला तो तोंडाला रंग तसाच, लोकांच्या शाबासकीनं फुगलेला.

"कसी झाली?" त्यानं विचारलं.

वहिनीनं त्याच्या मनगटाकडे पाहिलं. काच लागून बारीक रक्त आलं होतं. "हात धुवा आधी," ती म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

त्यानंतर तिनं नाटकाचं नावच काढलं नाही. दादा शेतावर गेला की काही ना काही निमित्त काढून तीही मागून जायची. तो नदीकडे निघाला की "आज नोको" म्हणायची. दादा पायात काटा मोडून आला तर तिचा चेहरा असा झाला, जसा काही साप चावला आहे. आणि तो हात ती सारखा पदरात झाकून ठेवायची.

अशात आरमोरीच्याही पलीकडच्या एका मोठ्या गावानं आपल्या पटाला आमचंच नाटक बोलावलं. आमच्या मंडळाला बाहेरगावचं बोलावणं हे पहिलंच. भाऊ तर जमिनीवर पाय ठेवीनात. दादानं घरी येऊन सांगितलं तेव्हा वहिनी एवढंच म्हणाली, "तुमी नोको जाऊ."

मी तिला समजवायला बसलो. घरात शिकलेला मी, तेव्हा समजवायचं काम माझंच. काच कशी वाळूपासून तयार होते इथून मी सुरुवात केली. तिनं ते सगळं ऐकून घेतलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "नाटक खोटं असते हे मले समजत नाई का? राजा मरते, पडदा पडते, राजा उठून बिडी पेटवते. त्याचं मरण तिथीच मिटलं. पन बांगड्या कुठी उठल्या? त्या त झाडून फेकल्या. अन् त्यातलीच एक माह्या हातात आहे. काढू त काढवत नाई, ठेवू त भेव वाटते. तुमच्या कालेजात याच्यावर काय सांगते?"

कॉलेजात याच्यावर काही सांगितलेलं नव्हतं, आणि मी तसं तिला स्पष्ट सांगितलं.

दादा सरळ भाऊंकडे गेला. "तिचं मन नाई त मी नाई येत," म्हणाला. मला ठाऊक होतं त्याला ते किती जड गेलं. वर्षभर चिखलात राबणारा माणूस तो. एका रात्रीपुरता राणी व्हायचा आणि पुढचं वर्षभर त्याच्यावर काढायचा. पण तो रागावला नाही की वहिनीला शब्दानं बोलला नाही.

संध्याकाळी भाऊ आमच्या ओट्यावर आले, मागे राजा. वहिनी दाराआड उभी.

"एका बांगडीपायी गावाचं नाक कापता का जी?" भाऊंनी आवाज चढवला. "दुसरी राणी आनू कुठून मी आता?"

"अन् मी मरू कोनाच्या मांडीवर?" राजा म्हणाला. "भाऊच्या?"

मी हसलो. भाऊ हसले नाहीत. "बाईले सांगा, नव्या बांगड्या भरून देतो. पाह्यजे तेवढ्या."

दाराआडून वहिनी बोलली. गावातल्या मोठ्या माणसासमोर ती पहिल्यांदाच बोलत होती. "मले नोको जी. राणीले भरा. ज्या लोकाईसमोर वाढवता त्याच लोकाईसमोर भरा. राजा उठते त राणीचा हात काऊन रिकामा राह्यते? तेवढं करा, मंग घेऊन जा त्याईले. मी बी येईन."

भाऊ माझ्याकडे वळले. "ऐकलं का? राजा मेल्यावर राणीले हिरव्या बांगड्या! लोक हासतीन. तू सांग, बी.ए. झाला ना तू?"

खरं सांगतो, मी भाऊंच्या बाजूचा होतो. शोकान्त नाटकाबद्दल मी कॉलेजात पानंच्या पानं लिहून गुण मिळवले होते. माणसानं डोळे पुसत घरी जावं, मध्ये काही येऊ नये, असं माझं मत होतं आणि मी ते तिथे बोलूनही दाखवलं. दादा जमिनीकडे पाहत बसला होता.

बोलला तो राजा. "रडतीन, मंग हासतीन. दोन्ही झालं त बिघडलं काय जी? मी बी रोज मरून कटाळलो. मले उठलेला कोनी पाहतच नाई."

भाऊ जायला उठले आणि म्हणाले, "पडदा पडू द्या आधी. मंग काय करायचं ते करा. पन पडद्याआधी एक बांगडी दिसाची नाई."

कासाराला शोधून आमच्या गाडीत घातलं. वाटभर तो कुरकुरत होता, की या हातांत पुन्हा बांगड्या भरायच्या तर साबण तुमचा लागेल. वहिनी गाडीच्या मागच्या कडेला बसून होती, हात पदरात.

तिथलं नाटक आमच्या गावच्यापेक्षा चढलं. परक्या गावात आपलं नाटक पाहताना छाती कशी फुगते ते ज्यानं अनुभवलं त्यालाच कळेल. धाकट्या भावाला शिव्या पडल्या. राजाच्या चहाला टाळ्या पडल्या. पण मी पडद्याच्या फटीतून पुन्हा पुन्हा बायांकडे पाहत होतो. वहिनी खाली मान घालून बसली होती. राजा मरायला टेकला तेव्हा सकाळ होत आली होती, आणि तिनं मान वर केली. दादा उठला, बांबूकडे चालू लागला. आता ती उठते असं मला वाटलं. ती उठली नाही. तिनं दुसऱ्या हातानं ती बांगडी घट्ट धरून ठेवली आणि बघत राहिली. काच फुटली, बायांचा हुंदका आला, आणि त्यांच्यात वहिनीही रडली. तोंडाला पदर न लावता, मोकळी रडली.

पडदा पडला. लोक चादरी झटकू लागले. भाऊ पुढे आले.

"बसा जी, बसा! राणीचं एक काम बाकी आहे."

कासार पेटी घेऊन पडद्यापुढे येऊन बसला. दादा, तोंडाचा रंग ओघळलेला, त्याच्यापुढे बसला. आता वहिनीनं वर यायचं ठरलं होतं. परकं गाव, हजारभर डोळे, आणि ती घरातली सून. क्षणभर मला वाटलं की ती येणार नाही, आणि सगळं तिथेच फसेल. मग डोक्यावरचा पदर ओढून घेत ती चढून आली आणि दादाच्या शेजारी उभी राहिली.

लोकांना काय चाललं आहे ते कळेना. भाऊंनी खाकरून सांगितलं, "ही राणीची घरची बाई आहे. राणीचे हात उघडे ठेवून घरी न्यायचं नाई म्हणते."

पुरुषांत कुठेतरी हसू फुटलं. पण बायांच्या बाजूनं कोणी हसलं नाही. तिकडून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "बराबर आहे वं माय! हिरव्या भर जी, हिरव्या!" आणि मग सगळ्या बाया उठून पुढे सरकल्या.

कासारानं पहिली बांगडी चढवली तसा मेलेला राजा पडदा बाजूला सारून बाहेर आला. मुकुट तिरपा, तोंडात बिडी. "उठला रे, उठला!" म्हणून पोरांनी जो गिल्ला केला तो अजून माझ्या कानात आहे. तेवढ्यात आमच्याबरोबर गाडीनं आलेली राजाची खरी बायको खालून ओरडली, "अन् माहं काय जी? माहा बी मालक मेलाच ना!" मग मात्र भाऊसुद्धा हसले. कासारानं वरची एक उचलली तेव्हा बायाच ओरडल्या, "दुसऱ्याले देऊ नोको, त्यालेच भर!" म्हाताऱ्यानं साबण लावून, ओठ चावून ती दादाच्याच मनगटात कोंबली. वहिनीनं वाकून दादाच्या कपाळावरचं पुसलेलं कुंकू बोटानं पुन्हा लावलं आणि खाली उतरली.

नाटक म्हणून ते चूकच होतं असं मी आजही म्हणेन. राजा मेला त्याचा परिणाम तिथे राहिला नाही. लोक डोळे पुसत उठले आणि हसत गेले. पण त्यानंतर ते नाटक जिथे जिथे झालं तिथे लोक पडद्यानंतरही बसून राहायचे, कासाराची वाट पाहत. भाऊंनीच मग कासाराचं बसणं जाहीर करायला सुरुवात केली, जसा काही तो पाचवा अंक.

परतीच्या वाटेवर उन्हात वहिनीचं तोंड सुटलं. इतक्या दिवसांचं साचलेलं ती बोलत होती. राजाची लढाई कशी झाली, दादा कुठे एक वाक्य खाऊन गेला, राजमातेचं लुगडं कसं मळकं होतं. "त्या म्हातारीनं सुरवातीलेच धाकट्याच्या दोन कानशिलात देल्या असत्या ना, त एवढं झालंच नसतं," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. "पन धाकटे लाडाचेच असते. शिकवून ठेवते त्याईले."

दादा गाडीत आडवा होऊन झोपला होता. दोन्ही हात छातीवर, बांगड्यांनी भरलेले.

त्या बांगड्यांचं काय करायचं हे कोणी ठरवलंच नव्हतं. साबणानं चढल्या त्या साबणानं उतरेनात, कासार दुसऱ्या गावी निघून गेला होता, आणि फोडायच्या हा शब्द घरात कोणी काढणं शक्य नव्हतं. दादा तसाच कामाला लागला. आमचा धानाचा चुरणा सुरू झाला होता. पुंजणा मोडून धान खळ्यात पसरायचं आणि त्यावर बैल फिरवायचे. बैलांमागून हिरव्या बांगड्यांचा माणूस फिरतो आहे हे पाहायला लोक वाट वाकडी करून येत.

"काय जी राणीसाहेब, झालं का धान?"

"झालं. राजाले पाठव पोते उचलाले," दादा तिथूनच म्हणायचा.

खळं घराच्या मागेच होतं. बांगड्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. वहिनी त्यावर एक कान ठेवून काम करायची. तिच्या हातातली ती एक पुढे पावसाळ्यात धान रोवण्याच्या चिखलात कधीतरी आपोआप वाढली, पण ते नंतरचं. त्या दिवसांत आवाज थांबला की ती मागच्या दारात येऊन उभी राहायची. बहुतेक वेळा दादा पुंजण्याच्या सावलीत बिडी ओढत बसलेला असायचा.

"हात हालवत राहा ना जी!" ती ओरडायची.

दादा बिडी दातात धरून दोन्ही हात वर करायचा आणि वाजवून दाखवायचा.